गुझियांचा फुलोरा

माझ्यावर या जगात सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते सौंसरच्या दुबाइन अम्मांचे, आणि त्या उपकारांची फेड म्हणून मी त्यांच्या यजमानांच्या टकलावर, भर आरतीत, खव्याची एक गुझिया पाडली. गुझिया अम्मांच्याच हातची होती, हे इथेच सांगून टाकतो. पुढे कुणाला धक्का बसायला नको.

आमचं घर छिंदवाडा जिल्ह्यात, तिगावजवळच्या खेड्यातलं. थोडा कापूस, थोडी संत्र्याची झाडं, आणि घरात सही करण्यापलीकडे शिकलेलं कुणी नाही. बाबांचा एक चुलतभाऊ सौंसरला कापसाच्या जिनावर कामाला होता, म्हणून मला शिकायला त्याच्याकडे ठेवलं. वर्ष व्हायच्या आत तो जिन सोडून कुठेतरी निघून गेला. मी राहिलो. (मला सोबत न्यायचं त्याच्या लक्षातून गेलं, असं बाबा म्हणत. माय याहून कडक शब्द वापरी.) शाळेचे हेडमास्तर दुबे गुरुजी मूळचे जबलपूरकडचे. त्यांनी मला हाताला धरून घरी नेलं आणि पत्नीला सांगितलं, "लड़का होशियार है, दो दिन रख लो."

ते दोन दिवस मॅट्रिकपर्यंत चालले. अम्मांनी ओसरीवर माझी वळकटी टाकली, माझ्या सदऱ्यांच्या गुंड्या शिवल्या, गणिताच्या पेपरासाठी जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलल्या, आणि मी नागपूरला कॉलेजात निघालो तेव्हा स्वतःची लग्नातली पेटी रिकामी करून माझ्या हातात दिली. मी बी.एस्सी. झालो, पांढुर्ण्याला मास्तर झालो. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून बाबांनी गावात पेढे वाटले. पेढे खाऊन झाल्यावर लोक विचारत, "पण हे झालं म्हंजे आता पोरगा करनार काय?" त्याचं उत्तर मी लवकरच दिलं.

आता गुझियेबद्दल. स्वातंत्र्य आलं त्या दिवशी शाळेत झेंडा चढला आणि आम्हा पोरांना अम्मांच्या हातचा खाऊ मिळाला. वरून पाहावं तर अर्धचंद्र, कडेला मुरड, तुपात तळलेला. मी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि घरून शिकवलेल्या रीतीप्रमाणे म्हणालो, "अम्मा, करंजी फारच छान झाली."

अम्मांचा हात डब्यावरच थांबला.

"करंजी नहीं बेटा. गुझिया."

"हो, तेच. गुझियेची करंजी."

"करंजी तुम्हारे यहाँ होती है. उसमें सूजी भरते हैं. इसमें खोवा है, चिरौंजी है." (चिरौंजी म्हणजे आपली चारोळी.) आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, दया येऊन, "खाओ, खाओ. धीरे-धीरे समझ जाओगे."

सुटीत घरी गेल्यावर मी मायला हे सगळं भक्तिभावाने सांगितलं. मायच्या हातात लाटणं होतं.

"खवा भरते?" माय म्हणाली. "मंग ते दोन दिवसांत आंबत असन."

"आंबायला उरतच नाही, माय."

हे बोलायला नको होतं. त्या सुटीवरून परत जाताना माझ्याबरोबर मायने रवा-खोबऱ्याच्या करंज्यांचा डबा दिला, "तुह्या अम्माले दे, म्हना आमच्या इकडे असं रायते." अम्मांनी डबा रिकामा करून, धुऊन, गुझियांनी भरून परत पाठवला. तेव्हापासून मी शिकत होतो की डबे वाहत होतो, हे सांगणं कठीण आहे. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. दोघी माझ्याकडून निकाल मागत. मी मायला सांगे, तुझीच चांगली. अम्मांना सांगे, आपकीच. विज्ञान शिकायच्या आधी मी मुत्सद्दी झालो होतो, आणि ते अंगात भिनलं होतं. सगळा घोटाळा तिथला आहे.

मग राज्यांची नवी आखणी व्हायची ते साल आलं. आमची राजधानी नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार, आणि आम्ही सौंसर-पांढुर्ण्याचे लोक भोपाळच्या राज्यात राहणार, असं पक्कं होत आलं होतं. पानाच्या ठेल्यावर, बैलबाजारात, न्हाव्याच्या पाटावर दुसरा विषय नव्हता. कुणी नुसतं म्हटलं, "आज भाजी खारट झाली," तरी समोरचा विचारी, "कोनाच्या राज्यातली?" त्याच सुमारास गुरुजींची जबलपूरला बदली झाली. सौंसरचं घर आवरून, तिगावहून पॅसेंजरने इटारसीकडे जायचं ठरलं. वाटेत आमचं गाव. दिवस भादव्यातले. मी हट्टच धरला की दोघांनी आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाला थांबायचं आणि मग गाडीत बसायचं.

महालक्ष्म्या म्हणजे आमच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. तीन दिवस माहेरपणाला येतात. त्यांना साड्या नेसवतात, दागिने घालतात, आणि डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगून तिला दोऱ्यांनी करंज्या, पापड्या, वेणी, फणी अशी तळणं लोंबती सोडतात. याला फुलोरा म्हणतात. तीन दिवस ती तळणं देवीच्या डोक्यावर झुलत राहायची, खाली यायची नाहीत, असा रिवाज. मी लहानपणी अम्मांना या फुलोऱ्याचं वर्णन करून करून सांगितलं होतं. अम्मांना मूलबाळ नव्हतं. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "बेटी मायके आए और उसके सिर पर मिठाई झूले, ऐसा तो हमने कहीं नहीं देखा."

त्या आल्या त्या मांडीवर पत्र्याचा डबा घेऊनच. पांढुर्ण्यापासून आमच्या गावापर्यंत छकड्यात मी तीनदा म्हणालो, "अम्मा, डबा माझ्याकडे द्या." त्यांनी दिला नाही. घर जवळ आल्यावर मात्र हळूच म्हणाल्या, "वासुदेव, तुम्हारी देवी के ऊपर हमारी गुझिया भी झूलेगी न? जाने से पहले एक बार देख लें."

मी काय म्हणणार? मी म्हणालो, "अम्मा, अगदी मधोमध."

दारात मायने त्यांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, दोघी गळ्यात पडल्या. इतक्या वर्षांच्या डब्यांची ओळख. अम्मांनी डबा पुढे केला. माय तोंडभर हसली. "कायले तरास घेतला, बाई." आणि डबा घेऊन स्वयंपाकघरात शिरल्यावर मला जवळ बोलावून त्याच तोंडाने म्हणाली, "प्रसादाले ठेवू. फुलोऱ्यात नाई."

"माय, मी कबूल केलं आहे."

"कोनाले इचारून?"

"अगं, त्यांनी मला वाढवलं."

"म्हनून तर तिचे पाय धुतले म्यां. पन देवी माहेरी येऊन राह्यली, वासू. माहेरी आल्यावर तिले माहेरचंच भेटलं पाह्यजे. माह्या सासूनं हेच केलं, तिच्या सासूनं हेच केलं. खव्याचं काही टांगलं नाई आमच्या घरात."

"देवी काय विचारते, आत खवा आहे का रवा?"

"देवी नाई इचारत. म्या इचारते."

इथे विषय संपला होता. शहाण्या माणसाने बाहेर जाऊन अम्मांना सांगितलं असतं, की अम्मा, आमच्याकडे असा रिवाज नाही, नैवेद्यात ठेवू. पण मी शहाणा नव्हतो, पदवीधर होतो. मला डोळ्यांसमोर अम्मांचा चेहरा दिसला. ज्या बाईने माझ्यासाठी मारुतीला साकडं घातलं, तिने कायमचं गाव सोडताना वर मान करून पाहावं आणि तिथे तिचं काही नसावं, हे मला सहन होईना. आणि मायचा फुलोरा बाटवायचाही धीर होईना. तेव्हा मी ठरवलं की कुणालाच काही सांगायचं नाही.

संध्याकाळी नागपूरहून ताई आणि भाऊजी आले. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सचिवालयात कारकून. राजधानी जाणार म्हणून ते घरातलं माणूस गेल्यासारखे दिसत होते. येताना त्यांनी टोपलीभर सांबारवडी आणली होती. (सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बेसनाच्या पारीत ती मसाल्यासकट भरून तळतात.) ओसरीवर त्यांनी गुरुजींपुढे एक ठेवली.

"घ्या गुरुजी. तळण खावं तर नागपूरचं."

गुरुजींनी शाळेच्या तपासणीला आल्यासारखी ती उलटसुलट पाहिली, खाल्ली आणि पसंतीची मान हलवली. "बढ़िया कचौरी है."

"कचोरी नाई गुरुजी. वडी."

"भरा है, तला है. कचौरी हुई."

"वडी होय हे."

"नाम कुछ भी रख लो, बेटा, है तो कचौरी."

भाऊजींनी टोपली गुरुजींकडे सरकवली. "राजधानी गेली आमची," ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "आता वडी बी न्या."

बाबांनी घाईने पानाचं तबक पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाचा मुख्य दिवस. माय अंघोळीला विहिरीवर गेली, ताई पुरण वाटत होती, अम्मा परसात तिला भाज्या निवडून देत होत्या, आणि देवघराच्या खोलीत कुणी नव्हतं. मी अंघोळ करून, ओलं धोतर नेसून, स्टूल लावून वर चढलो. बरोबर अम्मांचा डबा आणि शाळेची कंपासपेटी. फुलोऱ्याच्या करंज्यांना मुरडीत भोक असतं, त्यातून दोरा ओवलेला असतो. गुझियांना भोक कुठलं असणार? मी कर्कटकाचं टोक अगदी हलक्या हाताने मुरडीत फिरवून एकेका गुझियेला भोक पाडलं. एक करंजी सोडवायची, तिच्या जागी गुझिया बांधायची, पुढची करंजी तशीच ठेवायची, असा क्रम लावला. एकाआड एक. कुणावर अन्याय नको. सरकारने आयोग नेमून, सभा भरवून, मोर्चे झेलून जे काम केलं ते मी स्टुलावर उभा राहून एकट्याने, कुणाच्याही तक्रारीविना उरकलं. सोडवलेल्या करंज्या शबनम पिशवीत घालून खुंटीला अडकवल्या.

खाली उतरून पाहिलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. कुठली करंजी, कुठली गुझिया, कळायला मार्ग नव्हता. अर्धचंद्रांची एकसारखी रांग! आठवीच्या वर्गाला मी त्याच आठवड्यात गुरुत्वाकर्षण शिकवलं होतं. पण ते पुस्तकात होतं, आणि पुस्तक पांढुर्ण्याला होतं.

माय ओलेत्याने आली, वर पाहिलं. 

"पाह्य," माय ताईला म्हणाली, "ह्या मधातल्या कशा फुगल्या माह्या. या साली हात बसला." तिचं बोट थेट अम्मांच्या गुझियेकडे होतं.

थोड्या वेळाने अम्मा आल्या. मान वर करून बघत राहिल्या. डोळे भरले होते. मला हळूच म्हणाल्या, "वो किनारे वाली देखो, वासुदेव. गोंठ कैसी बारीक आई है." ती बारीक मुरडीची कडेची करंजी मायची होती. मी म्हणालो, "हो अम्मा, सुंदर."

दोघी खूश, देवी खूश. मी दारात हाताची घडी घालून उभा राहिलो. आयुष्यात इतका शहाणा मी पुन्हा कधी दिसलो नसेन.

तिन्हीसांजेला आरतीला गाव जमलं. सगळ्यात मोठा मान गुरुजींना, म्हणून आरतीचं ताट त्यांच्या हातात. टोपी काढून, डोकं उघडं ठेवून ते देवीच्या अगदी पुढ्यात उभे. त्यांच्या एका बाजूला भाऊजी, दुसऱ्या बाजूला गावचे पाटीलकाका. दोन्हीकडे समया, मध्ये निरांजनं, ताटात कापूर, आणि खोलीत माणसांची दाटी. उकाडा असा की माझ्या गळ्यातून घामाचा ओघळ चालला होता. माणसाला घाम फुटतो तिथे खव्याचं काय होत असेल, हा विचार शास्त्राच्या पदवीधराला शिवलासुद्धा नाही.

आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला 'टप' झालं.

देवीच्या पायाशी एक गुझिया पडली. दोरा वर तसाच लोंबत होता, मुरडीचा एक तुकडा धरून. लोकांना वाटलं फूल पडलं. आवाज चढला, टाळ्या वाढल्या. मग भाऊजींच्या खांद्यावर दुसरी पडली आणि फुटली. कोटावरून खवा घरंगळला. भाऊजींनी बोट लावून चाखलं आणि आरती म्हणायची थांबवली.

"कौल!" पाटीलकाका ओरडले. "देवीनं कौल देल्ला!"

आरती जागच्या जागी थबकली. आमच्याकडे देवावरून काही पडलं की त्याला कौल म्हणतात, आणि त्या साली देवाला विचारायचा प्रश्न सगळ्या गावाचा एकच होता.

"कायचा कौल, काका?" बाबा घाबरून म्हणाले.

"अरे, दिसत नाई का? खव्याची हाय. तिकडची हाय. देवीनं आपल्या हातानं आपल्याले तिकडचं देल्लं. म्हंजे आपन भोपाळातच राह्यतो. मोहर झाली." पाटीलकाकांचा जमिनीचा दावा छिंदवाड्याच्या कचेरीत कित्येक वर्षं पडून होता. राज्य बदललं तर तो पहिल्यापासून चालवावा लागेल, ही त्यांना धास्ती. त्यामुळे देवीचं मत त्यांना फार लवकर समजलं.

"असं कसं?" भाऊजी खवा झटकत म्हणाले. "देवीनं फेकून देल्ली ते! ठेवाचं ते वर ठेवलं. करंज्या पाहा, एक तरी हालली का? आपन नागपुराकडेच जातो, काका, लिहून घ्या."

"पडते तो प्रसाद असते, जावईबापू."

"अंगावर पडते तो प्रसाद नसते."

"मंग तुमी चाटला काहून?"

 दोन्ही बाजूंनी माणसं सरसावली. कुणी म्हणे पडली ती उजवीकडे, म्हणजे होकार. कुणी म्हणे देवीचं उजवं का आपलं उजवं? तेवढ्यात तिसरी सुटली, ती थेट गुरुजींच्या टाळूवर बसली. फुटली नाही. चिकटली.

गुरुजी हलले नाहीत. सगळं आयुष्य वर्ग सांभाळण्यात गेलेला माणूस. हातात पेटलेलं ताट, डोक्यावर अर्धचंद्र. त्यांनी एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "पहले आरती पूरी होगी. राज्य का बाद में देखेंगे."

आरती पूर्ण झाली. तेवढ्यात उरलेल्या बहुतेक गुझिया खाली आल्या, पण त्या आदरापोटी कुणाच्या अंगावर पडल्या नाहीत.

मग टाळ्या थांबल्या. आणि अम्मांचा आवाज आला. त्या बायकांमध्ये मागे उभ्या होत्या. वर बघत होत्या. चौकटीत एक जागा भरलेली, एक रिकामी, असं अगदी नीट दिसत होतं. क्रम माझाच होता ना!

"ये जो गिरीं," त्या म्हणाल्या, "सब हमारी हैं."

सगळं गाव वर चौकटीकडे पाहायला लागलं. पाटीलकाकासुद्धा.

"देवी को नहीं भाईं," अम्मा म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

 इतकी वर्षं या बाईने मला जपलं, आणि जाताजाता मी तिला भर गावात देवीकडून नापास करवलं होतं.

मायने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. "वासू," ती म्हणाली, "तू टांगल्या?"

"हो."

"मले न सांगता?"

"हो."

"आन माह्या कुठी हायेत?"

"शबनममध्ये."

मला वाटलं, आता फुटेल. रिवाज मोडला, फुलोरा उधळला, घरात गाव भरलेलं. माय पुढे आली. देवीच्या पायाशी पडलेली गुझिया तिने उचलली, कपाळाला लावली. सवाष्णी जेवेपर्यंत तिचा कडक उपास असे, पाण्याचा थेंब नाही. तिने ती गुझिया अर्धी मोडली आणि तोंडात टाकली. सगळं गाव मायचं तोंड हलताना बघत होतं. ते फार वेळ हललं नाही. विरघळलीच ती.

माय उरलेल्या अर्ध्या तुकड्याकडे पाहत राहिली.

"बाई," ती अम्मांना म्हणाली, "हे काय केलं तुमी? इतकी मऊ वस्तू कोनी टांगते का? हे पानातली वस्तू हाय. देवीनं पाह्यलं, हे येडे लोक वर टांगून बसले, म्हनून तिनं सोताच वाढाले घेतली."

आणि तिने उरलेला अर्धा तुकडाही खाल्ला. उपास तर मोडलाच होता.

अम्मांना रडावं का हसावं कळेना. मायने हात वर करून फुलोऱ्यातली एक करंजी तोडली. तिसऱ्या दिवसाआधी फुलोऱ्याला हात लावत नाहीत, पण त्या दिवशी रिवाजाचं काय उरलं होतं? ती अम्मांच्या हातावर ठेवली. "घ्या, आमची खाऊन पाहा."

अम्मांनी दाताखाली धरली. 'कट' असा आवाज आला, पण करंजीचा नव्हे. अम्मांनी ती बाहेर काढली, दाढेवरून जीभ फिरवली, दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. टांगायची करंजी घट्ट कणकेची, जाड पारीची, वर सुकून दगड झालेली. नंतर ती भाऊजींकडे गेली. भाऊजींनी नागपूरच्या इभ्रतीसाठी जोर लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"दीदी," अम्मा म्हणाल्या, "राज्य बदल जाएँगे, ये नहीं टूटेगी."

आधी माय हसली. मग अम्मा. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून अशा हसल्या की मागच्या बायकांनाही सुरू झालं. गुरुजींनी तेव्हा कुठे डोक्यावरची गुझिया काढली आणि विचारलं, "अब खा लूँ?"

मी सुटकेचा श्वास सोडला. जरा लवकर सोडला. कारण हसून झाल्यावर दोघींनी एकदम माझ्याकडे मान वळवली.

"छेद किससे किया?" अम्मा.

"कर्कटकानं."

"ते काय असते?" माय.

"भूमितीचं असतं. वर्तुळ काढायचं."

"हाय राम," अम्मा म्हणाल्या. "हमने इसकी फीस भरी."

"आमी कापूस इकला," माय म्हणाली.

पंगत बसली. त्या दिवशी वाढताना दोघी मिळून हिंडत होत्या आणि मला दोघींनीही सगळ्यात शेवटी वाढलं. पाटीलकाका आणि भाऊजी शेजारी बसून कौलाचा वाद घालत राहिले, एकाच्या पानात गुझिया, दुसऱ्याच्या सांबारवडी, आणि मध्येच एकमेकांच्या पानातलं उचलून खात. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्यावर गुरुजी आणि अम्मा तिगावच्या स्टेशनवर गाडीत बसले. मायने वाटेसाठी मऊ करंज्या तळून बांधून दिल्या होत्या. गाडी हलली तेव्हा अम्मांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलल्या काहीच नाहीत.

ते न बोलणं मला खटकत राहिलं. जबलपूरहून पत्र आलं नाही. दसरा गेला, नवं राज्य सुरू झालं, दिवाळी गेली. माझ्या मनात येई, मायपुढे हसल्या खऱ्या, पण आत कुठे लागलं असेल तर? शेवटी मीच लिहिलं. पत्र हिंदीत होतं, इथे मराठीत देतो.

"पूज्य अम्मांना वासुदेवचा साष्टांग नमस्कार.

गुरुजींची तब्येत बरी असेल. इथे सर्व ठीक. राज्य बदललं, पण शाळेची घंटा त्याच वेळेला होते. भाऊजींची नेमणूक भोपाळला झाली आहे. ते तिथल्या कचेरीत सांबारवडी नेतात, आणि तिथले लोक तिला कचोरी म्हणतात, म्हणून फार दुःखात आहेत. पाटीलकाका म्हणतात, कौल खरा ठरला. दावा मात्र अजून पडूनच आहे.

अम्मा, तुम्ही रागावला असाल तर रागावलेलं पत्र पाठवा, पण पाठवा. मला त्या दिवशी तुमचा मान ठेवायचा होता. तो ठेवता ठेवता खाली पडला.

एक गोष्ट कळवायला मायने मनाई केली आहे, म्हणून कळवतो. तिने दिवाळीला खवा आणवला आणि तुमच्यासारख्या गुझिया केल्या. पहिल्या तळताना कढईतच उघडल्या, नंतरच्या जमल्या. शेजारणींनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, 'ह्या सौंसरच्या करंज्या होय, आमच्या बाईनं शिकवल्या.' तुम्ही शिकवल्या कधी, हे मी विचारलं नाही. मी आता विचारत नाही.

मायचा निरोप आहे, की खव्यात चारोळी आधी घालायची की नंतर, हे बाईंनी लिहावं, आणि पुढच्या भादव्यात दोघांनी यावंच. तुमच्या गुझिया देवीच्या पानात पहिल्या वाढल्या जातील. फुलोरा बांधायच्या वेळी मी गावाच्या शिवेबाहेर असेन, ही तिची अट आहे. तुमची याहून वेगळी काही अट असेल तर तीही मान्य आहे.

शेवटी मी नावापुढे बी.एस्सी. लिहितो ते मायने आज माझ्याकडून वाचून घेतलं, आणि या पत्रात तरी लिहू नको, बाईला वाईट वाटेल, असं म्हणाली. म्हणून लिहीत नाही.

तुमचा,
वासुदेव"